स्लाइड उघडायच्या आधी काठी फिरवा

आमचा कॅम्पिंगचा ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि स्लाइड म्हणजे मुक्कामी बटण दाबलं की त्याच्या भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग. ट्रेलरच्या माहितीपत्रकात दोन आकडे होते. रुंदी ८ फूट, मोठी स्लाइड ३६ इंच बाहेर येते. म्हणजे ११ फूट जागा मिळाली की झालं, असा हिशोब मी केला आणि पहिल्या दोन सहलींत तो खपूनही गेला. तिसऱ्या सहलीला कॅम्पग्राउंडमधल्या आमच्या साइटच्या, म्हणजे ट्रेलर उभा करायच्या जागेच्या, डावीकडे एक पाइनचं झाड होतं. बुंधा आमच्या भिंतीपासून पावलांनी मोजला, चांगला चार फूट लांब होता. नवऱ्याने आतून बटण दाबलं. मी बाहेर उभी राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होते आणि माझी नजर सगळी खाली, बुंध्याकडे. ते झाड वर आमच्या बाजूला कललेलं होतं आणि नऊ फुटांवर एका मोडलेल्या फांदीचा खुंट राहिला होता, अंगठ्याएवढा. चर्र असा आवाज आला तेव्हा मी वर बघितलं. स्लाइडच्या डोक्यावरचं कापड वीतभर फाटलं होतं.

तोवर आम्ही गाडी सोडवली होती, जॅक टेकवले होते, पाण्याची नळी जोडली होती. सगळं उलट्या क्रमाने काढून, अंधारात डास मारत, ट्रेलर दोन फूट उजवीकडे घ्यायला पाऊण तास गेला. मुलांनी तेवढ्यात चिवड्याचा डबा संपवला.

त्याच उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे राहायला आले. बाबांचा जन्म बांधकामावर देखरेख करण्यात गेला. ही गोष्ट त्यांना सांगितली तर कापडाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. "पावलांनी कशाला मोजलंस? घरात ओळंबा आहे का?" ओळंबा कुठून असणार! मग सुतळीला एक जड नट बांधला आणि आम्ही दोघं ड्राइव्हवेवर उतरलो. खाली जे लिहिते आहे त्यातलं निम्मं त्या सकाळचं आहे, उरलेलं नंतरच्या सहलींमधलं.

आधी आपल्या ट्रेलरची मापं

ट्रेलर सपाट जागेवर उभा करून सगळ्या स्लाइड पूर्ण उघडा. मग स्लाइडचा जो भाग सगळ्यात बाहेर आलेला दिसतो, तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा. तसाच ट्रेलरच्या भिंतीवरून सोडा. दोन खुणांमधलं अंतर हे तुमचं खरं माप. आमची पेटी ३६ इंचच बाहेर येते, कंपनी खोटं बोललेली नाही. पण पेटीच्या तोंडाला चारी बाजूंनी इंचभर जाडीची चौकट आहे, आणि वर पाऊस-पाचोळा अडवायला जे कापड ताणलं जातं त्याचा रूळ आणखी तीन इंच पुढे येतो. झाले ४० इंच. फाटलं ते कापड याच शेवटच्या तीन इंचांतलं.

अंदाजासाठी सांगते. कपाटाच्या किंवा पलंगाच्या छोट्या स्लाइड साधारण १८ ते २४ इंच बाहेर येतात. सोफा आणि जेवणाचं टेबल घेऊन येणाऱ्या मोठ्या स्लाइड ३० ते ४२ इंच. बंद ट्रेलरची रुंदी अमेरिकेत ८ किंवा साडेआठ फूट असते, कारण महामार्गावर १०२ इंचांची मर्यादा आहे. रस्त्यावर याहून रुंद होता येत नाही म्हणून तर स्लाइडची युक्ती निघाली. दोन्ही बाजूंना स्लाइड असलेला ट्रेलर उघडला की १३ ते १५ फूट रुंद होतो. आमचा ९६ अधिक ४० अधिक उजवीकडची कपाटाची २०, एकूण १५६ इंच. बरोबर १३ फूट.

पण नुसती रुंदी लिहून ठेवली तर पाइनच्या झाडाशी पुन्हा गाठ पडेल. आणखी तीन मापं घ्या. पहिलं, उघडलेल्या स्लाइडचा तळ जमिनीपासून किती वर आहे. आमचा ३१ इंच. दुसरं, तिची सगळ्यात उंच कड. आमची नऊ फूट. आणि तिसरं, जे मला आधी सुचलंच नसतं: मागच्या बंपरपासून स्लाइड कुठे सुरू होते आणि किती लांब आहे. आमची आठ फुटांवर सुरू होते आणि अकरा फूट पुढे जाते. म्हणजे मागच्या आठ फुटांत झाड अगदी भिंतीला खेटून असलं तरी मला फरक पडत नाही. हे माप माहीत असल्यामुळे आम्ही दोन-तीन वेळा अशा साइटवर नीट बसलो जिथे दुसऱ्या कुणी गाडी मागे फिरवली असती. ट्रेलर फूटभर पुढे किंवा मागे घेतला की झाड स्लाइडच्या बाहेर पडतं.

मागच्या बाजूला उघडणारी पलंगाची स्लाइड असेल तर तिचं माप लांबीत धरा. ट्रेलरच्या लांबीत ती कित्येकदा मोजलेलीच नसते, आणि उघडल्यावर पाच-सहा फूट मागे जाऊ शकते.

काठी

बाबांनी एक इंची पीव्हीसी पाइप ५२ इंचांवर कापला. ४० इंचांवर निळी टेप, शेवटच्या टोकाला लाल. निळ्यापर्यंत स्लाइड येणार, लालपर्यंत काही नसावं. हा १२ इंचांचा फरक कुठल्या नियमातून आलेला नाही. वारा सुटला की फांदी हलते, आत माणसं चालली की ट्रेलर हलतो, आणि कुठलाही टेप धरणारा हात दोन सूत इकडेतिकडे करतो, म्हणून फूटभर. काठीच्या मागच्या टोकाला माझ्या मुलाचा जुना मोजा बांधला आहे, भिंतीवर ओरखडे उठू नयेत म्हणून.

वापरायची रीत अशी. स्लाइड बंद असतानाच मोज्याचं टोक तिच्या तोंडाला लावायचं, काठी आडवी आणि सरळ धरायची आणि स्लाइडच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत जायचं. पूर्ण अकरा फूट. एकदा तळाच्या उंचीवर, एकदा छातीच्या उंचीवर, आणि तिसऱ्यांदा वरच्या कडेला. वर हात पोहोचत नाही, त्यासाठी रंगकामाचा लांब होणारा दांडा आहे. त्याच्या टोकाला ही काठी आडवी बांधली की कुदळीसारखी दिसते. ती कुदळ वर धरून मी ट्रेलरच्या बाजूने चालते तेव्हा शेजारचे लोक थांबून बघतात. बघू देत.

स्लाइड दारासारखी फिरत नाही, सरळ बाहेर येते. त्यामुळे काठी जिथून मोकळी गेली तिथून स्लाइडही मोकळी जाते. निळ्या आणि लाल टेपच्या मधे पानं लागली तर मी चालवून घेते. लाकूड लागलं तर नाही. आणि फांदी वाटेत आली म्हणून तोडायची नाही, सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये तर नाहीच, ट्रेलर हलवायचा.

साइट निवडताना

बुकिंगच्या पानावर साइटची लांबी असते, रुंदी बहुतेक वेळा नसते. रिक्रिएशन डॉट गव्ह या अमेरिकन सरकारच्या बुकिंगच्या संकेतस्थळावर ड्राइव्हवेची लांबी, ट्रेलर मागे घ्यायचा आहे की एका बाजूने शिरून दुसरीकडून निघायचं आहे, हे कळतं, आणि लोकांनी टाकलेले फोटो असतात. मी आकड्यांपेक्षा फोटो बघते. फोटोत दुसऱ्या कुणाचा ट्रेलर उभा असेल आणि त्याची स्लाइड उघडी असेल, तर पैसे वसूल. नुसती कार उभी असलेला फोटो असेल तर कारची रुंदी साधारण सहा फूट धरून बाजूच्या झाडापर्यंत किती कारा मावतील ते डोळ्यांनी मोजते. खाजगी पार्कवाले फोनवर स्वतःच विचारतात, स्लाइड किती आणि कुठल्या बाजूला. तिथे खरं आणि पूर्ण सांगा. "एक छोटीशी आहे" म्हणून अरुंद साइट घेतलीत तर त्या अरुंद साइटवर तुम्हालाच राहायचं आहे.

जुन्या कॅम्पग्राउंडांमध्ये झाडं इतकी खेटून का असतात, याचं मला नवल वाटायचं. त्यामागे चांगलं कारण आहे. मोटारी आल्यावर लोक झाडांखाली वाटेल तिथे गाड्या घालायचे, चाकांनी माती दाबली जायची, मुळं गुदमरायची आणि झाडं मरायची. ई. पी. माइनेके नावाच्या वनस्पतीरोगतज्ज्ञांनी १९३०च्या दशकात उपाय सुचवला: रस्त्यापासून प्रत्येक साइटला एकच छोटा फाटा काढायचा, गाडी त्याच्यावरच उभी राहील आणि तिथून ढळणार नाही असे दगड-ओंडके कडेला लावायचे. आज आपण ज्या फाट्यात ट्रेलर मागे घेतो तो हाच. आणि ट्रेलरमधल्या स्लाइड रुळल्या त्या १९९०च्या दशकात. मधे साठेक वर्षं गेली. त्या माणसाने झाड वाचवलं, माझ्या सोफ्यासाठी जागा ठेवायचं त्याच्या मनातही येणं शक्य नव्हतं. म्हणून साइट जितकी जुनी आणि झाडी जितकी सुंदर, तितकी काठी जास्त वेळ फिरवावी लागते.

कोणती बाजू कशासाठी

बहुतेक ट्रेलरची मोठी स्लाइड डावीकडे, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रायव्हरच्या बाजूला असते. दार आणि ऑनिंग, म्हणजे बाहेर ओढायचं सावलीचं छत, उजवीकडे. वीज, पाणी, सांडपाणी यांची जोडणीही साइटवर डावीकडेच येते. म्हणजे ज्या बाजूला स्लाइड उघडायची, नेमका त्याच बाजूला विजेचा खांब उभा. खांब फार उंच नसतो, पण ३१ इंचांच्या वर असला म्हणजे स्लाइडच्या वाटेत आला. त्याचं पत्र्याचं झाकण पुढे उघडतं, तेही मोजा. स्लाइड उघडल्यावर झाकण उघडत नसेल तर रात्री ब्रेकर पडल्यावर काय करणार? मी खांब शक्यतो स्लाइडच्या मागच्या आठ फुटांत येईल असा ट्रेलर लावते. वायर पुरते, ती चांगली पंचवीस-तीस फूट असते.

डावीकडे स्लाइडच्या पुढे मी दोन फूट जास्त ठेवते, एका माणसाला चालायला. सांडपाण्याचा दांडा ओढायला, नळीची गळती बघायला त्या बाजूला जावं लागतंच. दोन फूट नसतील तर स्लाइडखालून वाकून जावं लागतं, आणि वाकून गेलेला माणूस काम झालं की विसरतो आणि सरळ उभा राहतो. आमच्या घरात हे प्रत्येकाने एकेकदा करून बघितलं आहे. आता स्लाइडच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मुलांच्या पोहण्याच्या फोमच्या दांडीचे तुकडे चिरून बसवले आहेत.

बेडरूमच्या भिंतीत लाल खटक्यांची एक खिडकी असेल. आगीच्या वेळी बाहेर पडायची. ती खालून बाहेरच्या बाजूला उघडते. तिच्यासमोर झाड, खांब किंवा शेजाऱ्याची गाडी येत असेल तर स्लाइडला जागा असूनही ती जागा नको. यात मी कधीच तडजोड करत नाही.

उजवीकडे ऑनिंग. आमचं आठ फूट बाहेर येतं. उजवीकडची २० इंची कपाटाची स्लाइड त्याच्या सावलीतच उघडते, म्हणजे रुंदीत तिची वेगळी भर पडत नाही, फक्त तेवढ्या भागातली सावली सव्वासहा फुटांवर येते. ऑनिंग उघडायचं असेल तर पूर्ण हिशोब असा: डावीकडे ४० इंच स्लाइड आणि २४ इंच चालायला, मधे ९६ इंच ट्रेलर, उजवीकडे ९६ इंच ऑनिंग. २५६ इंच, म्हणजे २१ फूट ४ इंच. माझ्या सुरुवातीच्या ११ फुटांच्या जवळजवळ दुप्पट. यातली पक्की जमीन मात्र चाकांपुरतीच, आठ-नऊ फूट लागते. बाकीची हवेतली जागा आहे, तिच्याखाली गवत असो की उतार असो.

रांगेत सगळ्यांचे ट्रेलर एकाच दिशेने उभे असतील तर डावीकडच्या शेजाऱ्याची अंगणाची बाजू तुमच्या स्लाइडसमोर येते. तुमचा सोफा त्यांच्या जेवणाच्या टेबलाच्या दिशेने ४० इंच पुढे सरकतो. त्यांचं ऑनिंग आणि तुमची स्लाइड यांच्यात किती राहतं ते नुसतं टेपने मोजू नका, त्यांच्या खुर्च्यांकडेही बघा. मी अशा वेळी थोडं उजवीकडे सरकते आणि आपलं ऑनिंग अर्धंच उघडते.

लावताना

ट्रेलर लावायच्या आधी दोघंही गाडीतून उतरा आणि आधी वर बघा. मग खाली.

ट्रेलर मागे घेतल्यावर तो साइटला समांतर आहे का बघा, कारण तिरका लागला तर जागा कुठे गेली ते कळत नाही. मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात जेवढा सरकतो तेवढा तिरकेपणा, तीन अंश, डोळ्यांना दिसतही नाही. पण २५ फुटांच्या ट्रेलरमध्ये त्याने पुढच्या आणि मागच्या टोकात १५ इंचांहून जास्त फरक पडतो. मागच्या कोपऱ्यावर तुम्ही बरोबर मोजलं आणि पुढच्या कोपऱ्याला स्लाइड खांबाला टेकली, असं होतं ते यामुळे. म्हणून काठी दोन्ही टोकांना लावायची.

यानंतर डावा-उजवा तोल. ज्या बाजूची चाकं खाली आहेत त्यांच्याखाली ठोकळे घालून ट्रेलर वर चढवायचा. हे झाल्यावर पुन्हा मोजायचं, आणि हीच पायरी लोक गाळतात. उजव्या चाकांखाली ४ इंच ठोकळे घातले आणि चाकांमधलं अंतर साडेसहा फूट असलं, तर नऊ फुटांवरची स्लाइडची कड डावीकडे पाच-साडेपाच इंच सरकते. खाली जमिनीवर काहीच सरकलेलं दिसत नाही. डावी बाजू उचलली तर वरची कड झाडापासून लांब जाते, तेवढा तुमचा फायदा. मऊ जमिनीवर मात्र रात्रीतून चाक रुतून हाच खेळ उलटा होतो, तिथे फूटभरावर माझं समाधान होत नाही.

आता दांड्याला काठी बांधा आणि तिन्ही उंचीवर फिरवा. सगळं मोकळं असेल तर चाकांना पुढून-मागून ठोकळे अडकवा आणि मग हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणारा सांधा, सोडा. आमच्या घरात हा एकच नियम कुणी मोडत नाही: काठी फिरल्याशिवाय हिच सुटत नाही. गाडी जोडलेली असताना ट्रेलर फूटभर हलवणं दोन मिनिटांचं काम आहे. सोडल्यानंतरचा पाऊण तास मी वर सांगितलाच.

पुढचा-मागचा तोल साधल्यावर स्लाइड उघडायची. टेकूचे जॅक स्लाइडच्या आधी की नंतर, हे ज्याच्या त्याच्या ट्रेलरच्या पुस्तिकेत बघा. प्रत्येकाची रीत वेगळी.

बटण दाबताना

आत बघा: प्रवासात स्लाइड हलू नये म्हणून लावलेले अडसर काढले आहेत का, खुर्ची, चप्पल, कपाटाचा उघडा खण वाटेत नाही ना. अडसर तसेच ठेवून बटण दाबलं तर मोटर थांबेपर्यंत काहीतरी वाकलेलं असतं.

बाहेर एक माणूस हवाच. त्याने स्लाइड आणि झाड यांच्या मधे उभं राहायचं नाही. बहुतेक स्लाइडच्या मोटरला समोर माणूस आहे की हवा, हे कळत नाही. स्लाइडच्या मागच्या कोपऱ्यापासून थोडं लांब, तिरकं उभं राहिलं की वरची कडही दिसते आणि तळही. आम्ही फोन चालू ठेवतो आणि बोलायचा शब्द एकच: "थांब." तो ऐकू आला की बटण सोडायचं, आधी सोडायचं आणि मग विचारायचं. "येऊ दे, येऊ दे" बंद केलं, कारण त्या तालात मीच झोपी गेल्यासारखी झाले होते.

स्लाइड उघडायची तर पूर्ण उघडा. जागा कमी आहे म्हणून अर्ध्यावर ठेवून राहू नका. कडेचं रबर नीट बसत नाही आणि पाणी आत येतं. आमच्या स्लाइडला दोन्ही बाजूंच्या भिंतीत एकेक मोटर आहे. असल्या स्लाइड सारख्या अर्ध्यात थांबवल्या तर दोन मोटरींचा मेळ सुटतो आणि पेटी तिरकी चालायला लागते. शेवटपर्यंत गेल्यावर बटण आणखी तीन-चार सेकंद दाबून ठेवलं की दोघी पुन्हा जुळतात. जागाच कमी असेल तर ती स्लाइड बंद ठेवा आणि दुसरी उघडा. यासाठी विकत घेतानाच दुकानात सगळ्या स्लाइड बंद करायला सांगून आत चालून बघावं: शौचालयापर्यंत जाता येतं का, फ्रिज उघडतो का, पलंगावर आडवं होता येतं का. वाटेत एखाद्या दुकानाच्या पार्किंगमध्ये एक रात्र काढायची वेळ येते तेव्हा स्लाइड उघडणं बरं दिसत नाही, आणि बंद ट्रेलरमध्ये फ्रिजपर्यंत हात पोहोचत नसेल तर रात्री दुधाशिवाय चहा.

टेबलाची गंमत

बाबांना घेऊन गेलो त्या सहलीत साइटवर लाकडी जेवणाचं टेबल नेमकं डावीकडे होतं, जमिनीत साखळीने बांधलेलं. बाबांनी उंची मोजली, ३० इंच. आमचा तळ ३१. "आठ सूत मोकळी आहे! जाते की!" ते एकदम खुशीत. मलाही मोह झाला. स्लाइड उघडली आणि खरोखर गेली, टेबलावरून अलगद, वर्तमानपत्राची घडी सरकवावी इतकी फट ठेवून. मग आम्ही पाचही जण आत शिरलो, मुलं सोफ्यावर उड्या मारायला लागली आणि खालून टक असा आवाज आला. स्प्रिंग दबतात, टायर दबतात, एक इंच कुठल्या कुठे जातो. बाबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "सूनबाई, आत घे ती." साखळीला ढील होती, टेबल तीन फूट ओढलं. त्यानंतर तळाखाली आम्ही सहा इंच धरतो. काँक्रीटचं टेबल असेल, जे हलत नाही, तर ट्रेलर हलतो.

दगडांचं तसं नाही. साइटच्या कडेचे दगड फूट-दीड फूट उंच असतात, स्लाइड त्यांच्यावरून आरामात जाते. फक्त सामानाच्या कप्प्याचं दार त्याच्यासमोर येतं का बघा. शेकोटीचं लोखंडी कडं स्लाइडच्या जवळ असेल तर त्या मुक्कामात शेकोटी पेटवायची नाही, एवढंच.

घराच्या ड्राइव्हवेवरही हीच मापं. ट्रेलर उभा करण्याएवढी जागा म्हणजे स्लाइड उघडण्याएवढी जागा नव्हे. साफसफाईला, रबराची निगा राखायला, सामान भरायला स्लाइड उघडावी लागतेच. ती पदपथावर किंवा शेजाऱ्याच्या हद्दीवर येत असेल तर आधीच ट्रेलर दुसऱ्या कडेला लावा.

निघताना

स्लाइड आत घ्यायलाही जागा लागते, ती वर. कापडावर पाइनच्या काड्या, शंकू, साचलेलं पाणी असतं, आणि ते सगळं कापडाबरोबर रुळात गुंडाळलं जातं. आम्ही लांब दांड्याला मऊ झाडू बांधून आधी वरचं झाडून घेतो. पाणी साचलं असेल तर स्लाइड थोडीशी आत घेऊन पाणी निथळू देतो, पुन्हा पूर्ण बाहेर काढतो, मग सलग आत. खाली जे काही सरकवून ठेवलं आहे, सायकल, पाण्याची नळी, मुलांची बादली, ते काढून घ्या. आतून वाटेतलं सामान उचला. स्लाइड बसली, अडसर लावले, की काठी पुढच्या कप्प्यात सगळ्यात वर जाते, म्हणजे पुढच्या साइटवर पहिली तीच हाताला लागते. बाबांनी निळ्या टेपशेजारी पेनने ४० लिहिलं होतं. ते पुसट झालंय, पुढच्या वेळी गिरवायला हवं.